डावीकडचा पांढरा डाग

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकीट जड लागलं म्हणून घाबरू नकोस. आत कॅमेऱ्याचा रोल आहे. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरून घेतेस, म्हणून हे पत्र.

मला पाखरांचा छंद लागलाय. हसून घे एकदा. मागच्या बागेत लिंबाच्या फांदीला बाबांची फोटो धुवायची जुनी ट्रे तारेनं टांगली आहे. तिच्यात दाणे टाकले की सकाळपासून नुसती झुंबड उडते. त्यात एक चिमणी येते, तिचा मला फोटो हवा होता. मोबाइल घेऊन जवळ गेलं की उडून जाते आणि लांबून काढला की चिमणी आहे की वाळलेलं पान ते कळत नाही. म्हणून माळ्यावरून बाबांच्या स्टुडिओतला तो वरून वाकून बघायचा कॅमेरा काढला. डब्यात एक रोल सापडला, मुदत कधीच संपलेला. तोच घातला.

आता इथं रोल धुऊन देणारं कुणी उरलेलं नाही. शेवटचा होता तो मोबाइलची कव्हरं विकतो. तुझी डार्करूम अजून चालू आहे, लोकांच्या आज्या-पणज्यांचे फोटो तू अजून उजळून देतेस, तेव्हा एवढं भावाचं काम कर. चिमणी नीट आली असेल तर तिची मोठी प्रत काढ आणि निगेटिव्हही परत पाठव. जरा घाई आहे. का ते विचारू नकोस.

इकडे सगळं ठीक. मी तोच, जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीत. बाबा बरे आहेत. ते तुझी आठवण काढतात असं लिहिलं तर खोटं आहे हे तुला लगेच कळेल, म्हणून लिहीत नाही. अकरा वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही आणि तूही त्यांच्यासाठी कधी एक ओळ लिहिली नाहीस. मधल्या मधे मी भरडला जातो, त्याचं कुणाला काही नाही.

तुझा,
बारक्या (पन्नाशी उलटली तरी तुझ्या लेखी हाच)


१९ फेब्रुवारी

बारक्या,

छंद? तुला? लहानपणी तुला कासव पाळायला दिलं होतं, ते आठ दिवसांनी पाण्याच्या पिंपामागे सापडलं. खोटं बोलायचं तर निदान पचेल असं तरी बोलत जा. आणि रोल डबीत घालून पाठवतात, जुन्या मोज्यात गुंडाळून नाही. उजेड लागला असता तर तुझी चिमणी, ट्रे आणि लिंबू सगळं एका रंगाचं झालं असतं.

आता काय आलं ते सांगते. बारा फोटो. अकरांत रिकामी ट्रे, नाहीतर उडालेल्या पंखाचा फराटा. बाराव्यात मात्र चिमणी ट्रेच्या काठावर बसून सरळ कॅमेऱ्यात बघते आहे. चोचीत दाणा. भिंग लावून पाहिलं तर दाण्यावरची रेघसुद्धा आली आहे.

ट्रायपॉड तंतोतंत सरळ. उजेड बाजूनं घेतलेला. कॅमेरा जागेवर ठेवून बटण लांबून, त्या नळीच्या रबरी फुग्यानं दाबलं आहे. पाचव्या फोटोत गवतात नळी दिसते. तुला भिंतीवर कॅलेंडरचा खिळा सरळ ठोकता येत नाही. एवढी अक्कल कुठून आली ते मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.

एकच खोट होती. चिमणीच्या गळ्याखाली, डावीकडे, पांढरा डाग. मुदत गेलेल्या रोलला असे डाग धरतात. प्रतीवर रंग लावून झाकता आला असता, पण उद्या तू आणखी प्रती मागशील आणि दरवेळी तोच उद्योग, म्हणून निगेटिव्हवरच ब्लेड चालवलं. माझे दोन दिवस गेले यात: रोल धुणं, वाळवणं, कच्ची प्रत, भिंगाखाली खरवडणं, मग पक्की प्रत. गळा आता असा स्वच्छ आहे की डाग कुठं होता ते दाखवून दे म्हटलं तर मलाही दाखवता येणार नाही. एवढं चोख काम मी कित्येक वर्षांत केलेलं नाही. दाखव ज्याला दाखवायचं आहे त्याला.

निगेटिव्ह आणि मोठी प्रत सोबत आहेत. मोजा परत पाठवत नाही, फेकून दिला.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

तुला कुणी सांगितलं होतं ब्लेड चालवायला? रोल धू, प्रत काढ, एवढंच म्हटलं होतं ना मी? तो डाग रोलचा नव्हता. चिमणीचा होता! त्या डागासाठीच तर हा सगळा खटाटोप!

आता लपवून काही उपयोग नाही, म्हणून खरं सांगतो. फोटो मी काढलेला नाही. बाबांनी काढला.

वर्षभरात बाबांचं विसरणं वाढलंय. गॅस दोनदा चालू राहिला. एकदा पायात काही न घालता कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन बसले. हे मी तुला कळवलं नाही, कळवून तू काय करणार होतीस? मग डिसेंबरात त्यांनी नवीनच सुरू केलं. सकाळी चहा घेताना म्हणायचे, "आज ती आली होती. खाऊन गेली." हिनं विचारलं, "कोण आली होती?" तर म्हणाले, "अगं ती. गळ्याखाली डावीकडे पांढरा डाग असलेली." ताई, तूच सांग, आपल्या घरात गळ्याखाली डावीकडे पांढरा डाग कुणाला होता? आईला. आणि आई जाऊन अकरा वर्षं झाली.

ही घाबरली. तिनं डॉक्टरांना सांगितलं की सासऱ्यांना गेलेल्या सासूबाई दिसतात, त्या येऊन जेवून जातात. डॉक्टर म्हणाले, भास होताहेत, यांना दिवसभर एकटं ठेवू नका. आम्ही दोघंही दिवसभर कामावर. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक जागा आहे, तिथं दहा मार्चपासून खाट मिळतेय. मी हो म्हणून आलो.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी काठी आपटली. "ती म्हणजे चिमणी, मूर्खांनो! बागेत येते ती! मला बायको आणि पाखरू यांतला फरक कळतो!" मी दोन रविवार खिडकीत बसलो. पन्नास चिमण्या आल्या, डागाची एक नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरावा दाखवा, मग बघू." कामावर दिवसभर तेच म्हणायची सवय.

त्यांनी ते मनावर घेतलं. माळ्यावरून कॅमेरा मला काढायला लावला. नऊ दिवस, सकाळी सात ते अकरा, स्वयंपाकघराच्या खिडकीत, हातात तो फुगा घेऊन बसले. एक फोटो झाला की काठी टेकत बागेत जायचं, रोल पुढे सरकवायचा, परत येऊन बसायचं. बाराव्या फोटोला "सापडली!" म्हणून ओरडले ते शेजारच्यांनी ऐकलं. रोल तुझ्याकडेच पाठवावा लागेल म्हटल्यावर अर्धा दिवस तो खिशातून काढला नाही. मग म्हणाले, "पाठव, पण माझं नाव काढू नकोस. नाहीतर हात लावणार नाही ती."

काल डॉक्टर आले. तुझी ती चोख प्रत दाखवली. "छान आहे हो चिमणी, आजोबा. पण डाग कुठाय?" बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग निगेटिव्ह मागितली, खिडकीच्या काचेवर धरली, भिंगातून बघत राहिले. भिंग खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "तिनं परत केलं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, हळूच विचारलं, "तिनं म्हणजे... गेलेल्या आजींनीच का?" आणि वहीत लिहून घेतलं.

आता दुसरा रोल नाही. चिमणी आठ दिवसांत फिरकलेली नाही. दहा तारखेला दोन आठवडेही उरले नाहीत आणि बाबा धड जेवत नाहीत. सोबतचं बंद पाकीट त्यांचं आहे. मी उघडलेलं नाही.

बारक्या


२५ फेब्रुवारी

मायना काय लिहावा ते सुचत नाही, म्हणून लिहीत नाही. कुणाला लिहितोय ते तुला कळेल.

दुसऱ्यांदा केलंस.

पहिल्यांदा केलंस तेव्हा सरकारांना, तुझ्या आईला, जाऊन महिना झाला होता. आजारपणात, खाटेवर, खिडकीच्या उजेडात मी त्यांचा तो फोटो काढला होता. शेवटचा. तुला मोठी प्रत काढायला दिला आणि तू गळ्यावरचा डाग खरवडून टाकलास. निगेटिव्हवरून! विचारलं तर म्हणालीस, "साफ केलं." साफ? ती काय फरशी होती?

तो डाग माझ्या हातून पडला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डार्करूममध्ये ॲसिडच्या बाटलीचं बूच मी सैल ठेवलं, आणि सरकारांनी फळीवरून बाटली काढली तेव्हा ॲसिड गळ्यावर उडालं. त्या डागासकट त्यांनी माझ्याबरोबर बेचाळीस वर्षं काढली आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. एकदाही नाही. माझ्याकडे त्यांचे ढीगभर फोटो आहेत, पण डाग दिसतो असा मला आठवतो तेवढा एकच. तो तू पुसलास. म्हणून तुला घरातून जा म्हटलं. आजही म्हणेन.

आणि आता एवढ्याशा पाखराच्या गळ्याला डाग निघाला, तर तोही तुझ्या डोळ्यांत खुपला. इतकी वर्षं शेजारी बसवून तुला काम शिकवलं. हात तयार केला, नजर तयार केली, कुठं थांबायचं तेवढं शिकवायचं राहिलं. 

गॅसचं खरं आहे. दोनदा राहिला. चपलांचंही खरं आहे. मी म्हातारा झालोय, वेडा झालेलो नाही. हे दाखवायला माझ्याकडे एक निगेटिव्ह होती. तीही तुझ्याच हातात जायची होती.

उत्तर नको.


१ मार्च

बारक्या,

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली आहे, तेव्हा अक्षर वाईट आलं तर चालवून घे.

दिवसभर खिडकीत बसून लोकांकडे ते जन्मल्याचा पुरावा मागतोस, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून बापाकडेही मागितलास? आणि खाट ठरवून आलास! मला एका शब्दानं न कळवता! "इकडे सगळं ठीक, बाबा बरे आहेत." ही ओळ लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?

डोकं चालव जरा. बाबा आईला आयुष्यात कधी "ती" म्हणाले आहेत का? समोर सरकार, मागं सरकार. "सरकार झोपलेत, आवाज करू नका." "सरकार चिडलेत, आज बाहेर जेवू." आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या दारात सुद्धा "सरकार गेले" असंच म्हणाले. त्या माणसानं "ती आली होती, खाऊन गेली" म्हटलं तर ती आई असणं शक्य तरी आहे का? तुझ्या बायकोच्या लक्षात आलं नाही, समजू शकते. डॉक्टर तर परकेच. तू त्या घरात वाढलास! लोकांच्या अर्जातली वेलांटी चुकली तर तू त्यांना परत पाठवतोस, आणि बापाच्या तोंडचा एवढा एक शब्द तुला नीट ऐकता आला नाही. बहिरी मी आहे.

फोटो बाबांचा आहे हे मला पहिली निगेटिव्ह उजेडात धरली तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच तर एवढं मन लावून केलं, गाढवा. अकरा वर्षांनी माझं काम त्यांच्या हातात पडणार होतं. त्यांना एकही खोट सापडू नये, एवढंच डोक्यात होतं. तू एक ओळ लिहिली असतीस, डागाला हात लावू नकोस, तर हे झालं नसतं. पण चूक तुझ्यावर ढकलून मला सुटका नाही, तेही कळतं आणि त्याचाही संताप येतो.

त्या जागेला नाही म्हणून कळव. आजच. सोबत बाबांसाठी पाकीट आहे. आतला फोटो ते देतील, तो डॉक्टरांना दाखव. पत्र वाचायचं नाही.

ताई


१ मार्च

बाबा,

"तीर्थरूप" लिहिलं होतं, खोडलं. एवढा राग आला असताना तीर्थरूप लिहिणं खोटं होईल. उत्तर नको म्हणालात. देणार.

सोबत तुमच्या चिमणीचा फोटो आहे, डागासकट. बघा नीट. गळ्याखाली, डावीकडे.

मी पहिल्यांदा डार्करूममध्ये आले तेव्हा हातात ब्लेड देण्याआधी तुम्ही काय सांगितलं होतंत? "आधी कच्ची प्रत, मग हात." निगेटिव्हला हात लावण्याआधी ती जशी आहे तशी एक प्रत काढून ठेवायची, म्हणजे उद्या हात चुकला तर आधी काय होतं ते तरी राहील. तुम्ही माझ्याकडून हे इतकं घोकून घेतलंत की पस्तीस वर्षांत मी एकही निगेटिव्ह कच्च्या प्रतीशिवाय खरवडलेली नाही. नियम तुमचा, आणि तुम्हीच विसरलात. गॅस विसरलात त्याचं मला काही वाटत नाही. हे विसरलात, याचा राग येतो.

एकही निगेटिव्ह नाही, असं मी वर लिहिलंय. पुन्हा वाचा ते.

आईच्या त्या फोटोची कच्ची प्रत माझ्याकडे आहे. तुम्ही मला जा म्हणालात तेव्हाही माझ्या पिशवीत होती. मी एक वाक्य बोलले असते तर भांडण त्या दारातच संपलं असतं. मी बोलले नाही.

तुम्ही लिहिलंय, सरकारांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. तुम्हाला नाही दाखवलं. तो फोटो काढल्यावर दोन दिवसांनी तुम्ही औषधं आणायला गेला होतात. आईनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "यांनी न सांगता फोटो काढला गं माझा. मान वळवायची ताकद नव्हती. भिंतीवर लावाल तेव्हा तेवढं काढून टाक. आणि यांना बोलू नकोस, मनाला लावून घेतील."

तुमच्याकडे आईचे ढीगभर फोटो आहेत ना? काढा आणि बघा. एकात तरी गळ्याची डावी बाजू दिसते का? स्टुडिओतले, लग्नांतले, माझ्या शाळेतले, सहलीचे, कुठलेही घ्या. गिऱ्हाइकांना तुम्ही जन्मभर "मान जरा इकडे" सांगत आलात. आईला कधी सांगावं लागलं नाही, ती आधीच वळून उभी असायची. तुम्ही कौतुकानं म्हणायचात, सरकारांना कॅमेरा कळतो. बाबा, ती लपवत होती. बेचाळीस वर्षं, प्रत्येक फोटोत. तो डाग तुम्हाला प्रिय होता, तिला नव्हता.

मी तिचं ऐकलं. तिनं बोलू नकोस म्हटलं म्हणून गप्प बसले. पण सगळं तिच्यावर ढकलत नाही. पहिलं वर्षभर मी आईसाठी गप्प होते. पुढची दहा वर्षं माझ्या रागासाठी. तुम्ही सगळ्यांसमोर "हिला काम नाही, खरवडणं येतं" म्हणालात, ते मला गिळता आलं नाही. दर वर्षी वाटायचं, ती प्रत पाठवून द्यावी. दर वर्षी वाटायचं, आधी त्यांनी विचारावं. तुम्ही विचारलं नाहीत.

चिमणीनं मात्र मला काही सांगितलं नव्हतं. तिचा डाग पुसण्याचा मला काही अधिकार नव्हता. एकदा नीट विचारायला हवं होतं, हा कुणाचा आहे म्हणून. ती चूक पूर्ण माझी, तिच्याबद्दल माफी मागते. आईच्या फोटोबद्दल मागणार नाही.

आईची कच्ची प्रत टपालानं पाठवणार नाही. बघायची असेल तर कळवा, घेऊन येते. नसेल बघायची तर तेही कळवा.

तुमचीच, आणि तुमच्याच स्वभावाची,
मी


७ मार्च

मायना तुझ्या पत्रात नव्हता, माझ्याही नाही. फिटंफाट.

चिमणीची कच्ची प्रत मिळाली. डॉक्टरांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं, मग माझं भिंग मागून घेतलं आणि म्हणाले, "आहे बुवा डाग." वहीची पानं मागं उलटून काहीतरी खोडायला लागले. मी म्हटलं, खोडू नका, कच्ची प्रत राहू द्या. त्यांना काही कळलं नाही.

तुझ्या भावानं त्या जागेला नाही कळवलंय आणि गॅसला आपोआप बंद होणारं काहीतरी बसवून आणलंय. दोन दिवस माझ्यासमोर यायचं टाळत होता. सूनबाई मात्र समोर येऊन चुकलं म्हणाली. आता रोज सकाळी विचारते, "चिमणी आली का?" आज सकाळी ती आली होती. ती म्हणजे चिमणी. या घरात हे आता स्पष्ट लिहावं लागतं.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा फाडायला घेतलं होतं. नंतर फोटोंच्या तीन पेट्या उघडल्या. तुला खोटं पाडायचं म्हणूनच उघडल्या. दोन दिवस लागले. स्टुडिओ, लग्नं, सहली, तू रांगत असतानाचे, सगळे बघितले. एकातही डावी बाजू नाही. एकदा समुद्रावर वाऱ्यानं केस उडालेत, तिथं सरकारांनी हात आणून ठेवलाय गळ्यावर. तो फोटो मी स्टुडिओच्या दर्शनी काचेत कितीतरी वर्षं लावला होता. लोकांना सांगायचो, बघा कशी नैसर्गिक पोज आहे.

जन्मभर परक्या माणसांच्या माना सरळ केल्या, आणि घरातली एक मान का वळते ते मला दिसलं नाही. फार राग आलाय मला. तुझा नाही. माझा आलाय, आणि थोडा सरकारांचाही. मला सांगायचं होतं. मी मनाला लावून घेतलं असतं तर घेतलं असतं.

तू साफ केलेला फोटो मी फेकला नव्हता. कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा होता अकरा वर्षं. काल बाहेर काढला, पुसला आणि तुझ्या भावाला लावायला सांगितला. सरकारांना असाच हवा होता तर असाच लागू दे.

सरकारांची कच्ची प्रत घेऊन ये. पाकीट उघडायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. तू आलीस की ठरवू. भांडण होईल, तयारीनं ये. येताना एक रोल आण, डबीत घालून.

आणि फार दिवस लावू नकोस. तुझ्या भावानं खिळा वाकडा ठोकलाय. फोटो सारखा डावीकडे कलतो, आणि मला आता स्टुलावर चढता येत नाही.

बाबा